चासीची छाप

दस्तगीर मिस्त्रीनं वाकून इंजिनाला उलटा हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"तापवलीय," तो म्हणाला.

"सकाळपासून तीन गिऱ्हाइकं बघून गेली, मिस्त्री. तापणारच की," दुकानदार म्हणाला.

"तीन आली आणि तिन्ही सोडून गेली व्हय?" दस्तगीर गुडघ्यावर हात टेकून उठला. "चल अभ्या."

माझा पाय तिथून निघत नव्हता. गाडी लालभडक होती, अडीचशे सीसीची. पुढं रेसच्या गाडीसारखं कवच, पण हँडल उंच आणि बैठक सरळ. अशा गाडीवर दिवसाला पाचशे किलोमीटर मारले तरी कंबर शाबूत राहते. दुकानदार अठ्ठ्याहत्तर हजार सांगत होता, माझ्याकडं पंचाहत्तर होते. तीन हजारांसाठी त्यानं मला परत पाठवलं नसतं.

"एकदा चालवून तरी बघू की, मिस्त्री."

"जुनी गाडी थंड बघायची असती. गरम झाल्यावर समद्या गाड्या गोड बोलत्यात."

रस्त्यावर आल्यावर त्यानं उरलेलं सांगितलं. कवचाचे दोन स्क्रू नवे होते आणि हँडल किंचित डावीकडं ओढत होतं. गाडी कुठंतरी जोरात आपटली होती आणि वरून रंग मारला होता. "पैसं देऊन मरण इकत घ्यायचं असलं तर जा माघारी," तो म्हणाला, आणि मी गेलो नाही.

मिरजेत जुनी गाडी घ्यायची तर दस्तगीरला बरोबर न्यायचं असा रिवाजच होता. तो पैसे घेत नसे. त्याला जेवू घालायचं आणि त्यानं नको म्हटलं की नको, एवढाच व्यवहार. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि दवाखान्याच्या सामानाच्या दुकानात सहा वर्षं वॉकर आणि कंबरेचे पट्टे विकत होतो. म्हाताऱ्यांच्या कंबरेची मापं घेऊन घेऊन मला माझंच म्हातारपण दिसायला लागलं होतं.

त्यातून सुटायची एक वाट सापडली होती. पुण्याची एक टूर कंपनी मला शेवटचा स्वार म्हणून घ्यायला तयार होती. वीस-पंचवीस जणांचा ताफा पुढं जातो. सगळ्यांच्या मागं राहायचं, पडलेल्याला उचलायचं, पंक्चर काढायचं. अट एकच होती, गाडी स्वतःची आणि लांब पल्ल्याची हवी, आणि बुधवारी सकाळी पुण्यात हजर राहायला हवं. त्या दिवशी रविवार होता. बुधवार चुकला की जन्मभर कंबरेचे पट्टे.

टपरीवर चहा पिऊन झाल्यावर दस्तगीरनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "जयसिंगपुरात एक हाय. चार वर्सं माझ्याच हाताखालनं जाती. बाई पंच्याऐंशी मागतीया, तुला झेपायची न्हाई म्हणून बोललो नव्हतो. आणि मालकीण जरा खवट हाय."

"बाईची गाडी?"

"बाईनं रामेश्वरपातूर मारलीय, एकटीनं. तू अजून कराडच्या पुढं गेला न्हाईस."

शालन लाटकर मोजणी खात्यात भूकरमापक होत्या. जमिनी मोजून हद्दीचे दगड दाखवायचे, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. वय छप्पन, अंगानं काटक, केस बारीक कापलेले. घरात एकट्याच. गाडी दारात ताडपत्रीखाली होती.

"सुरू केलेली नाही," आम्ही चपला काढायच्या आत त्या म्हणाल्या. "मिस्त्रींनी फोनवर तसं बजावलं होतं."

दस्तगीरनं इंजिनाला हात लावला. थंडगार. बटण दाबलं, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि एका सुरात चालू राहिली. करड्या रंगाची होती, टाकीवर एका बाजूला ओरखडा होता. तो कधी आणि कुठं पडला हे त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. त्या वहीत सगळंच होतं. कुठल्या तारखेला ऑइल बदललं, कुठल्या किलोमीटरला चेन घट्ट केली, मागचा टायर कधी घातला. सातबाऱ्यासारखं स्वच्छ अक्षर.

"फिरवून बघतो, मॅडम," मी म्हणालो.

"बघ की. पण मागं मी बसणार. तू असाच मिरजेला गेलास तर मी काय मिस्त्रींना ताडपत्रीखाली ठेवू?"

त्यांनी मला उदगावच्या रस्त्याला नेलं. गाडी अशी चालत होती की परत देताना रडू आलं असतं. दोन किलोमीटरवर त्यांनी पाठीवर टकटक केलं आणि गाडी थांबवायला लावली. रस्त्याला लागून तीन गुंठ्यांचा मोकळा तुकडा होता. चार कोपऱ्यांना चार दगड आणि मधे बोअरची पाइप.

"माझी जागा," त्या म्हणाल्या. "लोकांच्या मोजता मोजता एक स्वतःची घेतली. दोन वर्षांनी रिटायर झाले की इथं दोन खोल्या बांधायच्या. गाडी विकतीय ती जोत्यासाठी. आणि हा गुडघा पण आता गाडीचं वजन पेलू देत नाही."

"दगड तुम्हीच पुरले?"

"खात्याच्या माणसाकडनं रीतसर मोजणी करून घेतली. स्वतःची स्वतः मोजता येत नाही." त्या पलीकडच्या उसाकडं बोट करून हसल्या. "हा शेजारी आलाच नाही. आमच्यात आधी लगतवाल्याला नोटीस देतात. तो आला तर त्याची सही घेतात. नाही आला तर कोण थांबत नाही, मोजणी होतेच. खाली लिहायचं, कळवूनही गैरहजर. मग त्यानं जन्मभर ओरडावं, उपयोग नाही."

मला त्या मोजणीत काही रस नव्हता. मी गाडीच्या आरशात स्वतःला बघत होतो.

घरी आल्यावर किमतीचं बोलणं झालं. त्या पंच्याऐंशीवरून ऐंशीवर आल्या आणि तिथं बसल्या. मी खिशातलं पाकीट टेबलावर ठेवून सरळ सांगितलं, पंचाहत्तरच्या वर माझ्याकडं बसभाडंसुद्धा नाही. बुधवारचंही सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा 'मावशी' म्हणालो. अगदी मुद्दाम म्हणालो असं नाही, पण उपयोग होईल हे मला कळत होतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "गतिरोधकावर तू गाडी हळू घेतलीस. मागं गुडघेदुखी बसलीय हे लक्षात ठेवलंस."

"असू दे की मावशी, त्यात काय."

"सत्तर दे."

दस्तगीरनं आणि मी एकमेकांकडं बघितलं.

"सत्तर दे आणि हे वरचे पाच हजार नाव करायला ठेव. माझी गाडी कोल्हापूरच्या नंबरची, तू सांगली जिल्ह्याचा. एनओसी आणावी लागेल, एजंट पैसे घेईल. मी पदरचे पैसे सोडतीय ते एवढ्यासाठीच. नाव वेळेवर लागलं नाही म्हणून भाऊ-भाऊ बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले मी बघितलेत. कागद बोलतो, माणूस बोलत नाही."

"आठ दिवसांत करतो," मी म्हणालो.

त्यांनी कपाटातून टीटी फॉर्म काढले. गाडी नावावर करायचे ते फॉर्म आधीच आणून ठेवलेले होते. विकणाऱ्याच्या जागी त्यांनी सगळीकडं सह्या केल्या. घेणाऱ्याची जागा कोरी होती. ती एजंट भरेल, असं मी म्हणालो.

मग त्यांनी कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या फाडल्या, शिसपेन्सिल घेतली आणि गाडीपाशी जाऊन खाली बसल्या. गुडघा दुखत होता तरी बसल्या. हँडलच्या मानेवर चासी नंबर कोरलेला असतो. त्यावर पट्टी धरून पेन्सिल आडवी घासली की आकडे कागदावर उमटतात, आरटीओला ती छाप लागते. एक पट्टी त्यांनी माझ्या फॉर्मला टाचली. दुसरी स्वतःच्या वहीत चिकटवली आणि तिच्याखाली लिहिलं, 'गाडी अभिनंदन मगदूम, मिरज यांस दिली. साक्षीदार दस्तगीर मिस्त्री.' त्याच्या पुढं एक रेघ ओढून सहीसाठी जागा सोडली.

"करू सही?" मी विचारलं.

"आता नको. नवीन बुक तुझ्या नावाचं आलं की दाखवायला ये. तेव्हा जेवून जा आणि सही करून जा. गाडी तुझी, वही माझी."

शंभरच्या स्टॅम्पवर विक्रीचं लिहून घ्यायचं राहिलं होतं. रविवारी स्टॅम्प मिळणार कुठं. त्या जरा घुटमळल्या, तेव्हा दस्तगीर म्हणाला, "मी मधी हाय न्हवं, बाई. पोरगं माझं हाय."

तीस वर्षं लोकांना कागद मागणारी बाई त्या एका शब्दावर थांबली. मी गाडी घेऊन निघालो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, हातात रिकामी ताडपत्री.

मंगळवारी पुण्यात मी त्या पाच हजारांत गाडीच्या दोन्ही अंगांना लावायच्या पिशव्या आणि बूट घेतले. पहिल्या पगारात नाव करू, असं ठरवलं. ताफ्यातल्या सगळ्यांच्या गाडीला पिशव्या होत्या आणि मी एकटाच गोणपाट बांधून गेलो असतो तर लाज गेली असती. लाज म्हणजे काय, हे मला तेव्हा एवढंच माहीत होतं.

पहिला पगार चेन आणि टायरमध्ये गेला. दुसरा कशात गेला आठवत नाही.

जूनमध्ये आम्ही मनालीत होतो. मी एका गिऱ्हाइकाचं पंक्चर काढत होतो, हात काळे होते, फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता.

"अभिनंदन, विम्याची मुदत संपली म्हणून मला मेसेज आलाय. माझ्याच नावावर कसा येतोय? तू नाव केलंस ना?"

"झालं की मावशी," मी म्हणालो. "कंपनीकडं जुना नंबर असेल, म्हणून येतोय तुम्हाला."

"मग बुक?"

"पोस्टानं येईल. आलं की फोटो पाठवतो."

"फोटो नको, ये. जेवायला ये म्हटलंय ना." मग त्यांनी विचारलं, "चढाला कशी चालते?"

"मस्त चालते."

"चालणारच," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी हात पुसले आणि ट्यूबला ठिगळ लावलं. त्या दोन मिनिटांत मी काय केलं हे मला कळायला आणखी सात महिने लागले. त्यांनी सरळ विचारलं होतं, मी सरळ खोटं बोललो. 'नाही झालं' म्हणालो असतो तर त्यांनी शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आरटीओत जाऊन उभ्या राहिल्या असत्या.

दिवाळीनंतर कंपनीनं मला त्यांची मोठी गाडी दिली. माझी मी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात विकली. दुकानदारानं फॉर्म चाळले, खालच्या सह्या बघितल्या. "घेणाऱ्याचं कोरंच आहे, बरं झालं. मधे तुमचं नाव घालायला नको," तो म्हणाला. अशीच पद्धत होती. शालनमावशीच्या सह्यांवर ती गाडी पुढं कितीही हात फिरू शकत होती. मी निघालो तेव्हा माझं नाव त्या गाडीच्या एकाही कागदावर नव्हतं.

जानेवारीत त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज फार हळू होता.

"पोलीस आले होते. साताऱ्याच्या रस्त्यावर गाडीनं एका पेरूवाल्याला उडवलंय. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. चालवणारा गाडी टाकून पळाला. विमा नाही, गाडी माझ्या नावावर आहे. तू गाडी कुणाला दिलीस?"

मी रस्त्याकडेच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. गाडी विकली त्या दुकानदाराचं नाव माझ्या तोंडावर होतं, आजही पाठ आहे.

"बघून सांगतो, मावशी."

"बघायचं काय त्यात? ये आणि पोलिसांना सांग. मला दुसरं काही नको. माझ्याकडं कागद नाही, तूच कागद आहेस."

"येतो," मी म्हणालो.

मी आधी दुकानदाराला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं नाव कुठंय? नाही ना? मग कशाला चिखलात पाय घालतोस. मी तुला ओळखत नाही, तू मला ओळखत नाहीस." कंपनीतही कळलं असतं. विमा नसलेली, दुसऱ्याच्या नावाची गाडी मी सहा महिने ताफ्यात चालवली होती. नोकरी गेली असती. हा सगळा हिशोब मी केला आणि गेलो नाही. पुढं केस उभी राहिली, शालनमावशींनी तारीख कळवली. येतो म्हणालो. दुसरी तारीख कळवली, तेव्हाही येतो म्हणालो. तिसऱ्या वेळी दस्तगीरचा फोन आला.

"अभ्या, उद्या येणार हाईस न्हवं?"

"टूर आहे, मिस्त्री."

"मी जबान दिलती."

त्यानं फोन ठेवला. आठवड्यानं मी नंबर बदलला. नंतर एका वकिलाला सहज विचारल्यासारखं विचारलं तर तो म्हणाला, गाडी ज्याच्या नावावर त्यालाच भरपाई द्यावी लागते, तुझ्या साक्षीनं फारसा फरक पडला नसता. हे वाक्य मी पुढं कित्येक वर्षं उशाशी घेऊन झोपलो.

कंपनी साथीच्या वर्षात बंद पडली. मी मिरजेला परत आलो. जुन्या मालकानं परत ठेवून घेतलं. पुन्हा वॉकर, पुन्हा कंबरेचे पट्टे. कुणाला सांगायची सोय नाही, पण मला हसू यायचं.

गेल्या वर्षी दुकानात दस्तगीर आला. दाढी पांढरी झाली होती. त्यानं मला बघितलं आणि माझ्या मागच्या भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं, "एक वॉकर पायजे. बाईमाणसाला. पाच फूट उंची."

"शालनमावशींना?"

मी काउंटरमागून बाहेर आलो आणि विचारत सुटलो. त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तो स्वतः कोर्टात उभा राहिला होता, गाडी कुणी नेली ते सांगितलं होतं. नाव बाईंचं होतं म्हणून भरपाई बाईंवरच बसली. पेरूवाला कोर्टात कुबडीवर यायचा. वकील अपील करू म्हणाला, तर बाई म्हणाल्या, त्याचा पाय गेलाय, माझं काय गेलंय. उदगावच्या रस्त्याची जागा विकून त्यांनी पैसे भरले.

"वॉकर मी पोचवतो," मी म्हणालो.

"तुझं तू बघ," तो म्हणाला. पत्ता मात्र दिला.

वाटेत ती जागा लागली. तिथं आता कुणाचा तरी दोन मजली बंगला आहे. चार दगडांपैकी तीन कंपाउंडच्या भिंतीत गेले होते, चौथा कोपऱ्याला अर्धा बाहेर होता.

शालनमावशी एका खोलीत भाड्यानं राहत होत्या. दार उघडून त्यांनी मला ओळखलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. वॉकर आत घ्यायला सांगितला, त्याला धरून उभ्या राहिल्या.

"दोन भोकं खाली घे."

मी खाली बसून पायांच्या खिट्ट्या काढल्या, दोन भोकं खाली बसवल्या. त्यांनी चार पावलं टाकून बघितली.

"बिल आणलंस?"

"पैसे नकोत, मावशी."

"बिल आणलंस का ते विचारलं. नाव नीट घातलंयस ना त्यावर?"

मी बिल दिलं. त्यांनी नाव वाचलं, पैसे मोजून माझ्या हातात ठेवले. मला ते घ्यावे लागले. मग मी बोलायला लागलो. मनालीचा फोन, दुकानदार, नोकरी, नंबर, सगळं बोललो. मी खोटं बोललो असंही म्हणालो. रडलो पण. त्या वॉकरला धरून उभ्याच राहिल्या. माझं संपल्यावर कपाटाकडं गेल्या आणि ती वही काढून, शेवटी उघडून माझ्या हातात दिली.

शेवटचं पान होतं. चासीची छाप पिवळी पडली होती, आकडे अजून दिसत होते. खाली माझं नाव, दस्तगीरचं नाव, सहीसाठी ओढलेली रेघ. तिच्याखाली त्याच स्वच्छ अक्षरात तीन तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढं एकच मजकूर होता. 'मगदूम. कळवूनही गैरहजर.'

रेघ कोरीच होती. टेबलावर पेन पडलं होतं.

"मावशी, आता करू सही?"

त्यांनी वही माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि मिटली.

"मोजणी उरकल्यावर आलेल्याची सही घेत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि दार ओढून घ्यायला सांगितलं.